शिवणीखालचा समास

आई, आज मी तुझी शिवण कापली. कात्री हातात घेऊन किती वेळ नुसती बसले होते कोण जाणे, पण शेवटी कापली. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही. ऑफिसच्या जुन्या फाइलीचा दोरा कापला, त्यात डोळे पुसण्यासारखं काय आहे, असं म्हणतील, आणि त्यांचंही चूक नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुझ्या साड्यासुद्धा वाटून संपल्या. कारेलीबागच्या या घरात तुझं म्हणून उरलंय ते किसणीशेजारच्या खणातलं दाभण. खण उघडताना अजूनही बोटाला टोचतं मेलं.

तुझ्याच ऑफिसात मी आहे, हे तुला माहीतच आहे. पण तिथे आता काय चाललंय ते तू बघितलंस तर कपाळाला हात लावशील. घरं आणि प्लॉट वाटणारं आपलं सरकारी ऑफिस आता कागदाशिवाय चालवायचं ठरलंय. तू सांभाळलेली ती रेकॉर्ड रूम, तो लोखंडी घोड्यांवर रचलेल्या गाठोड्यांचा डोंगर, सगळा स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये भरायचा. स्कॅन करायला एक एजन्सी आली, आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकी सगळ्यांना वेळेवर आजारी पडता येतं, मला येत नाही. शेवटी मी एक दाखला द्यायचा: कॉम्प्युटरमधली प्रत मूळ कागदाबरहुकूम आणि पूर्ण आहे. सहीसुद्धा पेनाने नाही, एक डोंगल असतं, ते लावायचं आणि बटण दाबायचं. बटण दाबलं की ट्रक येणार, सगळे कागद लगद्याच्या कारखान्यात जाणार. त्या डोंगलची मला इतकी धास्ती की मी ते पर्समध्ये देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवते. हसू नकोस.

साहेब त्यांच्या गुजरातीत घाई करायचे, "बेन, पानां गणी लीधां ने? तो पछी सही करो, पतावो हवे." पानं मी मोजली होती गं. हरेक गठ्ठ्यातल्या फाइली काढून, पानावरचे आकडे स्क्रीनवरच्या आकड्यांशी ताडून बघितले होते. एक पान कमी नव्हतं. तरी खात्री वाटेना. तूच म्हणायचीस, ही पोरगी दाराला कुलूप लावून चार वेळा ओढून बघते आणि बसस्टॉपवरून पुन्हा मागे येते. तशीच आहे मी अजून. ट्रक शनिवारी यायचा होता आणि मी मंगळवारपासून देव पाण्यात घालून बसले होते.

बुधवारी करजणहून एक काका आले. धोतर, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पासबुकं. यांच्या बायकोच्या नावाने पूर्वी प्लॉट मंजूर झालेला, त्यावर घर बांधून मुलं मोठी झाली. आता बायको गेली, घर काकांच्या नावावर करायचं, तर मंजुरीची नक्कल हवी. खिडकीतल्या मुलीने पटकन शोधून दाखवलं. अर्ज आहे, कारकुनाची शिफारस आहे. "पण मंजूरी तो देखाती नथी, काका." काका तिला पुन्हा पुन्हा सांगताहेत की साहेबांनी त्यांच्यादेखत सही केली होती, आणि ती बिचारी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवतेय की बघा, नाही. मी मागे उभी आहे. काकांचं तोंड उतरत गेलं, आणि तो गठ्ठा मी तपासून बरोबर म्हटलेला होता.

खाली गेले. फाइल काढली. पुठ्ठ्याच्या कडेला ते बारीक, घट्ट, एकसारखे टाके दिसले. तुझे टाके मी कुठेही ओळखीन, पण मोजताना माझी नजर नुसती आकड्यांवर होती. आपल्याकडे टिपणी लिहिताना पान दुमडून डावीकडे चांगला रुंद समास सोडतात, आणि वरचा साहेब मंजूर-नामंजूर काय ते त्या समासात लिहून सही करतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही! रोज तेच करतो आम्ही. पण तू शिवण इतकी आत घेतलेली होतीस की पान पुरतं उघडतच नाही. समास सगळा शिवणीखाली. एजन्सीच्या पोरांनी जेवढं उघडलं तेवढं स्कॅन केलं. पानं पूर्ण, आकडे पूर्ण, आणि निर्णय तेवढा नाही. नखाने पान ओढून आत डोकावले तर अंधारात 'मंजूर' आणि खाली सही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मग मी दुसरी फाइल बघितली, तिसरी बघितली. तुझ्या सगळ्या वर्षांच्या फाइली तशाच. इतरांनी शिवलेल्या ठीक होत्या आई, कारण त्यांनी कडेला दोन टाके घालून वेळ मारून नेली होती. ज्यांनी कंटाळा केला त्यांची माणसं वाचली आणि ज्यांचं तू जीव ओतून शिवलंस त्यांच्या मंजुऱ्या शनिवारी लगद्यात जाणार होत्या. मला तुझा राग आला. तिथे जमिनीवर बसून आला, चांगला सणसणून आला.

तू का आत घ्यायचीस ते मला ठाऊक आहे. मी शाळेत होते तेव्हा कुणीतरी एका फाइलीतलं पान हळूच उपसून नेलं होतं आणि मेमो तुला मिळाला होता. त्या दिवशी तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात आमटी उकळत असायची आणि तू ओट्याशी उभी राहून दोऱ्याला मेणबत्ती घासत असायचीस, घरून मेण लावलेला दोरा ऑफिसला न्यायचीस. म्हणायचीस, "पान गेलं की माणूस गेला." कुणाला नक्कल हवी झाली की तू स्वतः दोरा सोडायचीस, समास उघडून दाखवायचीस आणि पुन्हा शिवायचीस. तू होतीस तोवर ते बिनबोभाट चाललं. तुझ्यानंतर फाइल उघडायची ती अशी, हे कुणाला माहीतच नव्हतं. मलासुद्धा तू सांगितलं नाहीस. मला तू फक्त टाके शिकवलेस. शाळेच्या शिवणकामातला माझा रुमाल धरून, "हे टाके की उंटाची पावलं? उसव आणि पुन्हा घाल," असं म्हणून पाहुण्यांदेखत उसवायला लावलंस. आणि मला नोकरी लागली तेव्हा पेनाची वाट बघत होते तर हातात दाभण ठेवलंस. "पेन सगळेच देतात." किती हिरमुसले होते मी!

साहेबांना सांगायला गेले तेव्हा बोलायचं ते जिन्यात तीनदा पाठ केलं होतं, आत गेल्यावर एक शब्द आठवेना. तरी सांगितलं. मी दाखला देत नाही म्हटलं, ट्रक थांबवा म्हटलं, या गठ्ठ्यांचे दोरे कापून सगळं पुन्हा स्कॅन करायला हवं म्हटलं. साहेब भडकले. मुदत गेली, वर उत्तर कोण देणार, आधी पानं मोजून बरोबर म्हणणारी कोण होती? मीच होते. माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. तू मेमोच्या दिवशी जेवली नव्हतीस, मी मात्र भूक नसताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, घाबरले की मी खाते. पण ट्रक थांबला. आज कापायला सुरुवात झाली, आणि पहिली फाइल करजणच्या काकांची मी स्वतः घेतली. तुझी गाठ कात्रीला दाद देत नव्हती. दोरा सुटला, समास उघडला, स्कॅन झाला, काकांना नक्कल मिळाली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि "सुखी रहो, बेन" म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची फाइल घरून नेलेल्या दाभणाने पुन्हा शिवली, अगदी कडेला. लगद्यातच जायची आहे, तरी शिवली. टाके उंटाचीच पावलं आलेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा राहिलेलंही सांगून टाकते. सगळे गठ्ठ्यांभोवती जमले होते, कात्र्या चालत नव्हत्या, बोटांना फोड आले होते. साहेब आले, एक फाइल उचलून ओढून बघितली आणि वैतागून म्हणाले, "अरे, आवुं कोणे सीव्युं छे?" असं कुणी शिवलंय म्हणून. पोरं हसली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जुनी माणसं मलाच माहीत म्हणून. 'माझ्या आईने' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "खबर नथी, साहेब." उद्या पुन्हा विचारलं तर सांगेन, असं घरी येताना ठरवलंय. पण तुला माहितीये ना आई, मी कशी आहे ते.