बाबांच्या गाडीची लांबी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हल्ली गुडघ्यांमुळे आठापैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन पोचली असं समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे? कंबर, पित्त आणि शेजारीण, तिन्ही आटोक्यात आहेत ना? दाढेचं काम झालं असेल तर बरंच झालं, पण त्या दातांच्या डॉक्टरला माझा नमस्कार मात्र सांगू नकोस. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तुझं पत्र पोचलं आणि मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं. तू पंधरा तारखेला येणार, मी तुला बाबांच्या स्पोर्ट्स कारमधून तळ्यापर्यंत फिरवून आणायचं, आणि त्या दिवशी गाडी रस्त्यावर धावताना दिसली नाही तर ती तुझ्या दातांच्या डॉक्टरला विकून टाकायची, कारण त्याला जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे! गाडी दोघांच्या नावावर आहे, तेव्हा तुझा हक्क मला मान्य आहे. ‘बाबांनी चालवायला तुला शिकवलं, मला नाही, निदान एकदा बाजूला तरी बसव’ हे तुझं वाक्य तर मला पाठच आहे, कारण गेली पंचेचाळीस वर्षं ते मी दर भेटीत ऐकतो. पण ताई, विकायची? दर रविवारी सकाळी मी शेडमध्ये जाऊन इंजिन सुरू करतो आणि अर्धा तास आत बसतो. (बाहेर काढत नाही. पत्र्याची अवस्था नाजूक होती.) ती गेली तर रविवारी मी बसू कुठे? घरात ही असते.

इंजिन ठणठणीत आहे. रडगाणं होतं ते बॉडीचं. मडगार्ड बोटाने दाबलं तर बोट आरपार जायचं. म्हणून तुझं पत्र यायच्या दोन महिने आधीच मी गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीकडे पोचवली होती. (टेम्पोत घालून. शर्यतीची गाडी टेम्पोत बसून चाललेली बघून चौकातले लोक हसले. हसणाऱ्याचे दात दिसले की मला हल्ली तुझा डॉक्टर आठवतो.) मिस्त्री मितभाषी माणूस आहे. डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवतो आणि पोचा कुठे आहे ते सांगतो. त्याने सगळ्या गाडीवरून हात फिरवला, माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाला, “पत्रा ठोकून काढतो. पण मागच्या बाजूला लांबी लागेल.”

आता मी पस्तीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढली. लांबी म्हणजे काय हे मला कोणी शिकवावं असं माझं वय नाही, आणि आपण होऊन विचारावं असा स्वभाव नाही. गाडी मागून वाढवावी लागणार, एवढं मला लगेच समजलं. मी गंभीरपणे मान हलवली आणि घरी येऊन शेड मोजली. शेड आतून साडेतेरा फूट, गाडी तेरा फूट एक इंच. म्हणजे मिस्त्रीने पाच इंचांच्या वर लांबी लावली की गाडी घरात मावणार नाही! शेडची मागची भिंत पाडण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. (हिचं म्हणणं होतं, आधी मिस्त्रीला नीट विचारा. हिला धंद्यातल्या गोष्टी कळत नाहीत.) भिंत मी स्वतः पाडली. भिंतीच्या पलीकडे हिची कपडे धुवायची जागा आहे हे मला नकाशावर माहीत होतं, पण त्या वेळी ही तिथे कपडे धूत आहे हे काही नकाशात दाखवत नाहीत. कोणाला लागलं नाही. चादरी मात्र दोनदा धुवाव्या लागल्या, आणि दुसऱ्यांदा त्या मी धुतल्या.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन मी अधिकारवाणीने विचारलं की लांबी नक्की किती? तो म्हणाला, दोन किलो. ताई, मी लांबी फुटांत मोजली आहे, मीटरमध्ये मोजली आहे, साखळीने मोजली आहे. किलोत मोजलेली कधी पाहिली नव्हती. तरी मी डगमगलो नाही. प्रत्येक धंद्याची आपापली मापं असतात. मी विचारलं, “आणि रुंदी?” त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, “रुंदी आपण ठेवत नाही, साहेब. रंगाच्या दुकानात विचारून बघा.” मी रंगाच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं, प्यायला पाणी दिलं आणि फळीवरचा एक डबा उघडून दाखवला. पोचे बुजवायला पत्र्यावर जो लुकणासारखा लगदा थापतात, त्याला हे लोक लांबी म्हणतात! म्हणजे मिस्त्रीचा आणि तुझ्या डॉक्टरचा धंदा एकच, खड्डे बुजवायचे. फरक इतकाच की तोंडात हत्यार घालून मिस्त्री आपल्याला ‘मुलं काय करतात’ असं विचारत नाही. पण भिंत तर पडून गेली होती. हिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. शेडला हवा खेळती हवी, असं सांगितलं आहे.

मग रंग. जुना रंग खरवडायला घेतला तर लालाखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा आणि पिवळ्याखाली गंज निघाला. बाबांच्या वेळचा लाल थेट आमच्या बाहेरच्या खोलीतल्या पडद्यांसारखा होता हे मला पक्कं आठवत होतं, म्हणून नमुन्यासाठी मी पडद्याचा चार बोटं तुकडा कापून नेला. (खालून कापला, म्हणजे उजेड जमिनीलगतच येतो.) रंग हुबेहूब जुळला. घरी येऊन हिला आनंदाने सांगितलं, तेव्हा कळलं की ते पडदे बाबा गेल्यावर दोन वर्षांनी घेतले आहेत. त्यापुढे हिने जे सांगितलं ते पडद्याबद्दल होतं, गाडीबद्दल नव्हतं. तेव्हा रंगाचा प्रश्न अजून भिजत पडला आहे.

सुट्या भागांचं तर विचारूच नकोस. घोळ होऊ नये म्हणून मी प्रत्येक भागावर शास्त्रशुद्ध चिठ्ठी चिकटवली होती, चतुःसीमेसकट. (‘डावं दार: पूर्वेस सीट, पश्चिमेस रस्ता.’) मिस्त्रीने सगळ्या चिठ्ठ्या रॉकेलने पुसून काढल्या आणि म्हणाला, “दार कुठलं ते दाराला कळतं.” दारांना कळलं, हे मान्य करतो. जाळीला कळलं नाही. गाडीच्या नाकाशी हवा आत जायला एक जाळी असते, ती काही केल्या सापडेना. सुट्या भागांच्या पिशवीतच मी आमच्या न्हाणीघराची जाळी वेल्डिंगला दिली होती. मिस्त्रीने ती घासूनपुसून, चकचकीत करून गाडीच्या तोंडावर बसवली, आणि ती इतकी झकास बसली आहे की काढवत नाही. गाडीची खरी जाळी नंतर आमच्या पलंगाखाली मिळाली. ती आता न्हाणीघरात लावली आहे. पाणी पूर्वीपेक्षा वेगाने जातं.

सारांश, लांबी वाळायची आहे, रंग ठरायचा आहे, काचा बसायच्या आहेत, आणि पत्र्याच्या कामात घाई केली की काम पत्र्यासारखंच होतं. पंधरा तारीख सर्वस्वी अशक्य. तू दोन महिन्यांनी ये, किंवा तीन. तोवर डॉक्टरला त्याच्या खुर्चीशेजारीच थांबायला सांग. तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो दातांच्या दिशेने झुकू नये एवढंच मागणं.

तुझा धाकटा

ता. क. – पत्र पुन्हा वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. लांबीची, भिंतीची, जाळीची हकीकत अक्षरशः खरी आहे, पण गाडी मंगळवारीच तयार झाली. पडद्यांच्याच रंगात. ताई, ती इतकी देखणी दिसते की मी गॅरेजात उभ्याउभ्या रडलो. मिस्त्रीने पॉलिशचं फडकं पुढे केलं.

ता. क. दुसरा – मग मुदत कशाला मागतो, असं तू विचारशील. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. बाबांनी चार रविवार शिकवलं आणि चौथ्या रविवारी मी फाटकाचा खांब पाडला. (तो वाऱ्याने पडला असं तुला सांगितलं होतं. वारा मी होतो.) बाबांनी किल्ली काढून घेतली आणि घरात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “शिकला पोरगा.” तू ताट सारून उठून गेलीस. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण बाबा माझ्यासाठी आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते, ते मोडवेना. शिकण्यासारखी तू होतीस आणि शिकवणी मला मिळाली, याचं मला फार वाईट वाटतं. तू पुढे आपली आपण शिकलीस, वीस वर्षं चालवतेस. तेव्हा पंधरालाच ये. गाडी तू चालव, मी बाजूला बसतो. फक्त विकू नकोस. आणि हिला यातलं काही कळू देऊ नकोस, मी उत्तम चालवतो अशी तिची समजूत आहे.

वन्संना नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं आहे, म्हणून मागच्या बाजूला चार ओळी लिहिते. यांना चालवता येत नाही हे मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. बोलले नाही, कारण रविवारी शेडमधून बाहेर येताना यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तीन वर्षांपूर्वी शिवणाच्या वर्गाला जाते असं सांगून मी ड्रायव्हिंग शिकले. सहा महिन्यांत घरात एक रुमालसुद्धा शिवून आला नाही, तरी यांना शंका आली नाही. आज हे तुम्हाला पत्र लिहीत बसले होते तेवढ्यात मी मिस्त्रींकडे जाऊन गाडी पुलापर्यंत फिरवून आणली. क्लच जरा कडक आहे, बाकी लोण्यासारखी चालते. ती विकायची नाही हं, वन्सं. पंधराला नक्की या. तळ्यापर्यंत तुम्ही चालवा, येताना मी चालवीन. गाडीत जागा दोनच आहेत. यांचं काय करायचं ते परत आल्यावर बघू.