सव्वीस दिवसांचे वेळापत्रक

वडगाव, बेळगाव
७ जून

प्रिय करिष्मा,

हे सारे फोनवर सांगता आले असते. पण आपण बोलत असताना आदर्श आणि आरोही माझ्या खांद्यांना टेकून ऐकत असतात. म्हणून सुट्टीपुरते काम आहे असे सांगून तू ज्या आजी-आजोबांची देखभाल करायला गेलीस, त्यांच्या पुण्याच्या पत्त्यावर हे पत्र पाठवतो आहे. निवांत वेळ मिळेल तेव्हा एकटीनेच वाच. मुले सुखरूप आहेत, जेवतात. आरोही रोज सकाळी दात घासता घासता एकच विचारते, "मामा, आई न्यायला कवा येणार?" आणि मी तिला रोज तुझेच उत्तर देतो, की सुट्टी संपली की येणार.

तीन मेला तू मुलांना सोडून गेलीस, त्याच संध्याकाळी मी एका कार्डशीटवर सव्वीस चौकटी आखल्या. आमच्या शाळेत सुट्टीचा पगार अर्धाच मिळतो, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे पैसे पडतील अशी कोणतीही गोष्ट चौकटीत यायची नाही, असा नियम केला. शिवाय प्रत्येक खेळातून मुलांच्या हाताला काहीतरी यावे आणि डोक्यालाही, अशी माझी कल्पना होती. तुझ्या शालूवहिनीने भिंतीवरचे ते कार्डशीट नीट वाचले आणि म्हणाली, "मास्तर, पोरं हायत ही. इन्स्पेक्शनला आलेली न्हाईत."

पहिला आठवडा फार चांगला गेला. शालू ज्या कारखान्यात मागावर जाते तिथून तिने तुटक्या सुताचे गुंते आणि सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणून दिल्या. मी पुठ्ठ्याच्या दोन कडांना एकेक सेंटीमीटरवर खाचा पाडल्या, उभे धागे ताणले आणि आडवा धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून कसा न्यायचा ते दाखवले. लुगड्याचे सगळे गुपित एवढेच आहे, हे सांगताना मलाच उत्साह आला. आरोहीने तळहाताएवढे कापड विणले. आदर्शने कांड्यांचे स्टंप केले आणि म्हणाला, "मामा, ह्यो खेळ हाय का अभ्यास, ते आधी सांगा की."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही बसच्या पाट्या घेतल्या. स्टॉपवर सावलीला उभे राहायचे आणि येणाऱ्या बसवरचे कन्नड अक्षर ओळखायचे. कन्नडमध्ये आपल्यासारखी सलग शिरोरेषा नसते, बहुतेक अक्षरांना आपापली छोटी टोपी असते, असे मी समजावले. आरोहीला ती टोपी इतकी आवडली की आता ती 'खासबाग' लांबूनच वाचते. तेव्हा माझ्या मनात याहून पुढचे काहीही नव्हते, यावर विश्वास ठेव.

तिसऱ्या आठवड्यात मात्र माझ्या चौकटी तोकड्या पडू लागल्या. दुपारी वीज जाई, पत्रे तापत. चिंचोके संपले, कागदाच्या होड्यांना पाणी नव्हते. गल्लीतला मंथन समर कॅम्पला जातो, तिथे पोहायला शिकवतात, म्हणून आदर्शला घेऊन मी चौकशीला गेलो. फी ऐकली आणि दुसरीकडे कुठे काही आहे का बघू, असे पुटपुटलो. आदर्श म्हणाला, "असू दे मामा, मला पाण्याची भ्याच वाटती." पाण्याला तो मुळीच भीत नाही. बारा वर्षांच्या मुलाला असे खोटे बोलण्याची वेळ यावी आणि शेजारी उभे राहून आपल्याला काही करता येऊ नये, हे फार वाईट असते.

आणि मग माझी चूक माझ्या लक्षात आली. आमची शाळा एकोणतीस मेला उघडते. मी बावीस वर्षे याच हिशेबाने जगलो, म्हणून सुट्टी म्हणजे अठ्ठावीस मेपर्यंत, असे धरून चाललो. तुमच्या इचलकरंजीची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, हे सीमाभागात शिक्षकी करणाऱ्या माणसाच्या ध्यानात आले नाही. अठ्ठावीसला शेवटच्या चौकटीवर फुली पडली. आरोही पिशवी भरून उंबऱ्यावर बसली. दोन राज्यांच्या दोन सुट्ट्या मी तिला नकाशा काढून समजावल्या. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे अजून लई दिवस हायत." पिशवी तिने सोडली नाही, उशाला घेतली.

तेव्हापासून दोघांना मी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवतो. पाहुणे म्हणून मुख्याध्यापिकाबाई चालवून घेतात. शुक्रवारी मात्र मी अर्धा दिवस रजा काढून निपाणीमार्गे इचलकरंजीला गेलो. शाळा उघडण्याची नक्की तारीख विचारावी आणि पुढच्या इयत्तांची कुणाची जुनी पुस्तके मिळाली तर उरलेले दिवस त्यांवर काढावेत, असा बेत होता. क्लार्क म्हणाला, शाळा पंधरा जूनला. मग मुलांची नावे ऐकून त्याने रजिस्टर उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. दोघांचेही शाळा सोडल्याचे दाखले दोन मेलाच नेलेले आहेत. समोर तुझी सही आहे. तिथून तुझ्या खोलीवर गेलो, तर दारात दुसऱ्याच बिऱ्हाडाचे कपडे वाळत होते.

करिष्मा, मी रागावलेलो नाही. साईनाथराव घर सोडून गेल्यापासून तू काय ओढलेस ते मी पाहिले आहे, आणि राहत्या कामावर मुले ठेवता येत नाहीत हेही मला समजते. तुला मला ते सांगवले नाही, एवढेच. आदर्शला सातवीत आणि आरोहीला तिसरीत मी इथे घालतो. शालूला सांगितले, तर ती म्हणाली, "व्हय, मग? दोन ताटं जास्तीची मांडायची." त्या बाबतीत तू निश्चिंत राहा. पण मुलांना हे सांगणे मला जमत नाही. शुक्रवारी सगळे वाक्य मनात जुळवून मी घरात पाऊल टाकले. आरोही दारातच उभी होती. "मामा, कवा हाय शाळा?" तिने विचारले आणि माझ्या तोंडून "पंधरा तारखेला" एवढेच निघाले. तेव्हापासून ती बोटांवर दिवस मोजते आहे. दाखले पोस्टाने पाठवू नकोस. चौदाच्या आत एक दिवस मागून घे आणि ते घेऊन तू स्वतः ये. न्यायला येणे होणार नाही, हे मला कळले आहे. निदान त्यांना सांगायला तरी ये.

तुझाच,
नागेंद्रअण्णा