गाठ काढायला नेलं होतंस

आई, परवा सकाळी माझं ऑपरेशन आहे. तू माझ्या छातीत बसवून घेतलेली सिलिकॉनची पिशवी काढून टाकायची आहे. पन्नास वर्षांत ती दगडासारखी झाली आणि आता एका बाजूनं फाटली. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. सांगलीच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. कागद भरताना त्यांनी विचारलं, "काकू, हे कशासाठी बसवलं होतं?" मी म्हटलं, "ओटीत कापूस पडला म्हणून." त्या लिहायच्या थांबल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही अशी शपथ तू घातली होतीस, ती तिथंच मोडली. बरं वाटलं.

तू विसरली असशील, मी नाही. चौऱ्याहत्तर साल, मलकापूरचं आपलं घर. मी सांगलीला विश्रामबागेत राहून बी.एस्सी. करत होते. माझी डावी बाजू वाढलीच नव्हती. तू शिंप्याकडं मापाला मामेबहिणीचं झंपर पाठवायचीस आणि डावीकडं कापूस भरायचीस. त्या दिवशी साताऱ्याची मंडळी मला बघायला आलेली. मुलाची आत्या ओटी भरतेय, मी वाकून पदर पुढं धरलाय, आणि नारळाशेजारी पांढरा गोळा पडतो.

"आवं, वटीत ह्ये काय पडलं?"

तू जागची न हलता म्हणतेस, "सकाळधरनं वाती वळत हुती. वाईच येंधळी हाय."

मंडळी चहा पिऊन गेली ती परत आली नाहीत. तू मला मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "तुला कापूस संभाळता येत न्हाई, संसार काय संभाळशील." वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला.

उन्हाळ्यात मला पुण्याला नेलंस. मामा लष्करी दवाखान्यात नोकरीला, त्यानं परदेशातून शिकून आलेले एक डॉक्टर शोधून ठेवले होते. मला सांगितलंस, "गाठ हाय, काढायची." कागदावर तुझा अंगठा. कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला तो वाचायलाही दिला नाहीस. शुद्धीवर आले तर छातीभर पट्ट्या, आणि तू उशाशी बसून म्हणतेस, "आता दोनी बाजू सारख्या झाल्या बग. कुणाला बोललीस तर माजी शप्पत हाय." गाठ काढायला नेलंस आणि गाठ बसवून आणलंस. लग्न झालं. नवऱ्यानं एकदा विचारलं, "इथं कडक का लागतं?" मी म्हटलं, "लहानपणची गाठ." त्यानंतर तीस वर्षं, तो जाईपर्यंत, त्यानं पुन्हा विचारलं नाही आणि त्या बाजूला हातही लावला नाही. ही तुझी करणी.

आता तयारी झाली आहे. रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, पुढून बटणांचे दोन गाऊन शिवून घेतले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढल्यावर नवीन बसवायचं का?" मी म्हटलं, "नाही. कापूससुद्धा नाही." संमतीची चारही पानं वाचली, दोन चुका दुरुस्त करायला लावल्या, मग सही केली. एक गोष्ट बजावून ठेवली आहे, काढलेलं फेकू नका, बरणीत घालून द्या. पितृपक्षात तुझ्या तिथीला ती बरणी तुझ्या पानाशेजारी मांडणार आहे. गेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच वाढायचं असतं. कावळा शिवला नाही तरी चालेल.

इथंच थांबणार होते. पण अर्धवट लिहायची मला सवय नाही. पुण्याहून आल्यावर त्या जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या दिवशी मी पदर मोकळा सोडून, पाठ ताठ करून लांबलचक व्हरांड्यातून चालत गेले. टोकाला पोचल्यावर वही विसरल्यासारखं केलं, मागं फिरले आणि पुन्हा चालत गेले. वही पिशवीतच होती. ते सगळं वर्ष मला फार आवडलं होतं, आई. तुला मी ते कळू दिलं नाही. हे पत्र तिथीला तुझ्या फोटोपुढं मोठ्यानं वाचायचं ठरवलं होतं, ते आता रद्द.