रद्द करण्याची मुदत

३ मार्च, सोमवार

पाय सुजलेत. दिवसभर हॉटेलच्या हॉलमध्ये उभी. हंटली साहेबांचं तेच भाषण — नाणं टाकलं की चिप्स-चॉकलेट देणारी दहा मशिनं विकत घ्या, ती ठेवायला जागा आम्ही मिळवून देतो, घरबसल्या कमाई! मी मागच्या टेबलाशी, कागद आणि पेनं सांभाळत. सोळा वर्षं हेच.

माहितीपत्रक दिल्यावर सात दिवस गेल्याशिवाय करारावर सही घ्यायची नाही, असा कायदा. पण सात दिवसांत माणूस भानावर येतो, आणि भानावर आलेला माणूस मशिन घेत नाही. म्हणून आम्ही पत्रक मिळाल्याच्या पोचपावतीवर मागल्या आठवड्याची तारीख घालून घेतो. सगळे निमूट घालतात. आज लोवेल ब्रुनर म्हणून एक गृहस्थ आले, काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "बाई, कागद आज मिळाला, मग तारीख आजचीच ना?" आणि ठसठशीत आजची घातली! साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

४ मार्च

"डोरीन, त्या म्हाताऱ्याच्या घरी जा. नवी पावती, जुनी तारीख. कराराची सहीही उरकून ये." — साहेब.

गेले. बर्फ वितळून टोलेडो शहरभर चिखल. लोवेलच्या बायकोनं, इर्मानं, कॉफी आणि चेरीचा केक पुढे ठेवला. "अहो, हे रात्री झोपले नाहीत खुशीनं!" निवृत्तीचा सगळा पैसा यात घालताहेत. गेल्या वर्षीची निम्मी मशिनं लोकांच्या गॅरेजात धूळ खात पडलीत, हे अगदी जिभेवर आलं होतं. घास गिळला, तेही गिळलं.

तारखेपाशी लोवेल थांबले. माझ्याकडे बघितलं. "तुमच्या नोकरीवर येणार असेल तर घालतो बापडा." घातली, करारावर सहीही केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

करार रद्द करायच्या नोटिशीच्या दोन प्रती गिऱ्हाइकाला द्याव्याच लागतात. साहेब त्या फाइलमधून काढून ठेवायला लावतात. आज मी काढल्या नाहीत — अगदी वर ठेवल्या. रद्द करायला पाच कामाचे दिवस. अकरा तारखेच्या मध्यरात्रीच्या आत एका प्रतीवर सही करून ती टपालात टाकली की पैसे परत. वाचणारा माणूस आहे. वाचेल.

७ मार्च

टपालात काही नाही.

१० मार्च

लोवेलना सांगायला दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. काय सांगू? सरकारी विमा पासष्टीला मिळतो, मला अकरा महिने कमी आहेत; तोवर औषधांचा विमा याच नोकरीतून. कंटाळा आलाय. साहेबांचा नव्हे, माझाच.

१२ मार्च, बुधवार

लोवेलचं पाकीट आलं. मुदत काल रात्री संपली.

आत नोटिशीच्या दोन्ही प्रती, सहीविना कोऱ्या. सोबत चिठ्ठी — "डोरीनबाई, हे कागद चुकून आमच्या फाइलमध्ये आले असावेत. साहेबांना कळायच्या आत जागेवर ठेवून द्या. उगाच तुम्हाला बोलणी नकोत."