वांगी रंगाचा दोरा

६ फेब्रुवारी

चि. बुटकीस अ. आ.,

फोन दुकानात असतो आणि गिऱ्हाइकांचे कान त्याला चिकटलेले, म्हणून पत्र.

रफूचे दोरे मी हाताला येईल त्या पुठ्ठ्यावर गुंडाळते, हे तू जाणतेस. काल एका बाईंचा कसर लागलेला वांगी रंगाचा कोट आला. त्या रंगाचा दोरा तीन वर्षं डब्याच्या तळाशी पडून होता. शेवटचे वेढे सुटले आणि खालून माझंच नाव निघालं. दवाखान्याचं कार्ड! गर्भाशयमुखाची तपासणी, पेशींत सौम्य बदल, एका वर्षाने पुन्हा यावे.

मी पोट धरून हसले. शेजारी इस्त्री करणारे हे बघायला वाकले आणि तेही हसले. मग त्यांनी कार्ड नीट वाचलं आणि इस्त्री कोणाच्या तरी पँटवर तशीच ठेवून उभे राहिले. आता त्या पँटचा रफूही माझ्याच गळ्यात.

तू प्रयोगशाळेत दिवसभर असल्याच पेशी बघतेस. एकाची तीन वर्षं झाली. माझं काय होणार, ते खरं लिही. थोरलीला बरं वाटावं म्हणून थापा मारू नकोस. लोभ आहे, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.,

नमस्कार झाला. आता सांगते, तू बावळट आहेस.

याच्या मुळाशी एक विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांना कधी ना कधी भेटून जातो, तेव्हा भावोजींवर डोळे वटारू नकोस. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, सौम्य बदलही आपोआप मिटतात. म्हणूनच तुला थांबायला सांगितलं होतं. काहींच्यात मात्र तो मुक्काम ठोकतो. मग बिघाड खालच्या थरातून वर चढत जातो. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. तोवर दुखत नाही, खुपत नाही. आम्हाला काचपट्टीवर तेवढं दिसतं.

म्हणजे तुझ्याकडे बहुधा वेळ आहे. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. सोमवारी जा. कापड विरायला लागलं की आणा, भोक पडायची वाट बघू नका, असं गिऱ्हाइकांना कोण सुनावतं?

भावोजींना इस्त्रीपासून लांब ठेव.

तुझी बुटकी

२ मार्च

चि. बुटकीस अ. आ.,

गेले. दुर्बिणीतून पाहिलं, कणभर तुकडा तपासला. 'सौम्य'च्या जागी आता 'तीव्र' लिहिलंय. कर्करोग नाही, त्याच्या आधीची पायरी आहे, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. बिघडलेला भाग काढायचा आहे. हे घरभर फिरतात आणि मलाच पाणी देतात. आज अकरा पेले झाले.

एक विचारायचं राहिलं. तुझी स्वतःची तपासणी कधी झाली?

ताई

६ मार्च

ती. ताईस सा. न.,

तेवढा भाग बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. वेळेत सापडलं, बावळटपणा करूनही. मी रजा टाकली आहे, हात धरायला येते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाई संपल्यामुळे देता येत न

४ एप्रिल

चि. बुटकीस अ. आ.,

कळवलं बाई दवाखान्याने! काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, वाईट काही मागे राहिलेलं नाही. मी दुकानात एक उडी मारली. टाचण्यांची डबी सांडली. हे गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचत होते आणि एकटेच हसत होते.

सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. हे म्हणाले, कार्ड भिंतीवर लावू. भिंतीकडे मी कधी बघते? मी त्यावर काळा दोरा गुंडाळलाय, रोज लागतो तो, मोजून सहा महिन्यांपुरता.

सोबत दुसरं कार्ड आहे. त्यावर तुझं नाव आहे, गुरुवार, सकाळी दहा. शाईची बाटलीही पाठवते आहे. या कार्डावर मी एक वेढाही गुंडाळलेला नाही.

हात धरायला येते आहे.

तुझी ताई