गाडीवरच्या नावासंबंधी तुळसा आत्याबाईंस

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम

तीर्थस्वरूप तुळसा आत्याबाईंस,
वैभवीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मोठी माणसे घरात असताना धाकट्या भावाच्या मुलीने परस्पर पुसदला पत्र धाडावे, अशी आपल्याकडे रीत नाही. तरी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. (या पत्रात क्षमा एवढी एकच आहे; पुढे शोधू नये.) फोन करता आला असता, परंतु आपण फोन उचलताच 'बोल वं बाई' म्हणता आणि नेमके तेव्हापासून माझ्याने बोलवत नाही. कागद मला 'बोल' म्हणत नाही, म्हणून त्याच्यापाशी बोलता येते. आपले गुडघे कसे आहेत? आतोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे ऐकून समाधान वाटले. इकडे सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, आई बरी आहे, आणि धाकटी अंजू आता माझ्याहून उंच दिसते व त्याचा उल्लेख वारंवार करते.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मोठ्या बाबांनी, म्हणजे आपल्या दादांनी, माझ्याविषयी लिहिलेले आपण वाचले असेलच: 'वैभवीनं भर पूजेत गाडीचा अपमान केला. तिनं माफी मागावी.' त्याखाली आपण जोडलेल्या हातांचे चित्र टाकलेत. ते हात मला विनवत होते, मोठ्या बाबांना नमस्कार करत होते, की आम्हा दोघांपुढेही टेकले होते, हे मला पुष्कळ विचार करूनही ठरवता आले नाही. म्हणून हकीकत मुळापासून सांगते. वाद वरवर माफीचा आहे. खरा प्रश्न एवढाच की परवा दसऱ्याला बाबांचा नवा ट्रॅक्टर घरी येईल, तेव्हा त्याच्या बॉनेटवर कोणाचे नाव असेल. मोठ्या बाबांचा निकाल लागलेला आहे: 'प्रज्वल', म्हणजे त्यांच्या चिरंजीवांचे. मी माफी मागितल्यास ट्रॉलीच्या मागील फळीवर, 'हॉर्न वाजवा' या सूचनेच्या खाली, बारीक अक्षरांत 'वैभवी' लिहू देण्याचे औदार्य ते दाखवणार आहेत. (अंजूसाठी जागा उरत नाही, असे त्यांचे मत आहे.)

आता गाडीविषयी. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला आणि मोठ्या बाबांनी नागपूरहून वापरलेली, परंतु नव्यासारखी दिसणारी, काळी मर्सिडीज आणली. गाडी देखणी आहे, हे मी शत्रुपक्षात असूनही मान्य करते. तिचे दार लागताना होणारा आवाज मी कधीही विसरणार नाही. एखादा जाडजूड शब्दकोश समाधानाने मिटावा, तसा तो आवाज आहे. मी ते दार चार वेळा लावून पाहिले. (मोठ्या आईंनी पाचव्यांदा लावू दिले नाही.) पूजा मारोतीच्या पारासमोर झाली. चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ समोरच्या तीन टोकांच्या चांदणीवर फोडावा की बंपरवर यावर चर्चा होऊन शेवटी तो दगडावर फोडला गेला, आणि मोठ्या आईंनी गाडीच्या नाकावर, जिथे बारीकसा कॅमेरा होता बरोबर तिथे, हळदकुंकवाचा ठसठशीत मळवट भरून वर झेंडूचा हार सोडला. तेव्हापासून गाडीला सतत समोर काहीतरी आडवे आले आहे असे वाटू लागले व ती न थांबता पीं पीं करू लागली. मोठे बाबा म्हणाले, गाडी खूश आहे. आपल्याकडे एरवी ट्रॅक्टर चालवणारा लालसिंग आत बसला होता. तो म्हणाला, "मालक, हे खूश नाही, हे भेलं हाय." समोरच्या चांदणीकडे पाहून त्याने हेही विचारले की हे मिक्सरचे पाते इथे कशाला लावले आहे.

अपमान झाला तो यानंतर, आणि तो मी आपण होऊन केलेला नाही. मोठ्या बाबांनीच मला गर्दीतून पुढे ओढले. "हे आपली टॉपर. मराठी शाळेतली हाय, पन बोर्डात आली होती. वाच वं, मागं काय लिवलं हाय विंग्रजीत." आत्याबाई, मी चारचौघांत शेवटचे मोठ्याने बोलले ती दहावीच्या निरोपसमारंभातील प्रतिज्ञा होती, आणि तीही सगळ्यांबरोबर म्हणायची होती. परंतु योगायोगाने (माझ्या बाबतीत योगायोग बहुधा वाचनालयात घडतो) त्याच महिन्यात मी मोटारींच्या इतिहासावरील एक ग्रंथ मालेगावहून आणून वाचला होता. म्हणून मी अक्षरे वाचली आणि म्हणाले, "मर्सिडीज. हे एका मुलीचे नाव आहे."

गाडी तेवढी पीं पीं करत होती. "कोनाच्या पोरीचं?" मोठ्या बाबांनी विचारले. मी सांगितले की येलिनेक नावाचे एक धनवान गृहस्थ होते, ते डाइमलर या जर्मन कारखान्याच्या गाड्या विकत असत, शर्यतीत उतरताना आपल्या लाडक्या मुलीचे नाव घेऊन उतरत असत. त्यांनी कारखान्याकडे अधिक बुटकी, अधिक वेगवान, अधिक दमदार गाडी मागितली आणि अट घातली की तिला मुलीचे नाव हवे. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. मोठे बाबा म्हणाले, "म्हंजे त्याले पोरगा नोता." मी म्हणाले, "होते. दोन होते. दोघेही तिच्याहून मोठे." आत्याबाई, माझा अपराध हाच. इतिहासात दोन मुलगे होते, आणि मी ते लपवले नाहीत.

"दोन पोरं असून पोरीचं नाव? असा कसा बाप म्हनाव त्याले?" असे मोठे बाबा म्हणाले, आणि माझ्या आतला बांध फुटला. मी सांगितले की त्या बापाने पुढे स्वतःच्या आडनावालाही मुलीचे नाव रीतसर जोडून घेतले. म्हणजे लेकीने बापाचे नाव लावायचे सोडून बापाने लेकीचे लावले. मी हेही सांगितले की या कारखान्यात नंतर बेंझ यांचा कारखाना मिळाला, आणि त्या बेंझ यांनी जगातील पहिल्या मोटारींपैकी एक बनवून शेडमध्ये ठेवली, लोक हसतील म्हणून लांब न्यायला धजेनात. तेव्हा त्यांच्या पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता ती बाहेर काढली, दोन मुले बरोबर घेतली आणि शंभरावर किलोमीटर चालवत थेट माहेर गाठले. वाटेत इंधन संपले तर औषधाच्या दुकानातून कपडे स्वच्छ करण्याचा द्रव घेऊन ओतला, नळी तुंबली तर टोपीची पिन घालून मोकळी केली. जगातील मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे एका बाईचे माहेरी जाणे आहे. (मोठ्या आई इथे गाडीकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागल्या, कारंजाला जाऊन त्यांना तीन वर्षे झाली आहेत.) आणि ती चांदणी म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, मिक्सर नव्हे, असे लालसिंगला सांगून मी थांबले. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी बोलते आहे, आणि मी घरी पळाले.

मागे काय झाले ते अंजूने सांगितले. मोठे बाबा म्हणाले, "पोरीच्या नावाची गाडी घरात टिकन काय? उद्या लोकाच्या घरी जाईन ते." दुसऱ्या दिवशी मालेगावहून पेंटर खेमा आला. त्याने विनवले की कंपनीची अक्षरे काढू नका, किंमत त्याच अक्षरांची आहे. कोणी ऐकले नाही. गरम पाणी आणि सुतळी लावून ती सगळी अक्षरे एकेक करून सोलून काढली, आणि त्या जागी भगव्या चमकत्या कागदात एवढे मोठे 'प्रज्वल' चिकटले. चांदणी तेवढी राहू दिली, कारण चांदणी कोणाची मुलगी नाही. (प्रज्वलदादा नागपूरच्या वसतिगृहात असतो. छायाचित्र पाहून त्याने 'बाबा, कायले?' एवढेच लिहिले.)

मग शिरपूरचा साखरपुडा. मोठ्या बाबांनी फेटा बांधला होता. मांडवाच्या दारात यजमानांचे व्याही भाऊसिंग उभे होते, त्यांनी गाडीला मागून एक फेरी घातली आणि आदराने विचारले, "उकंडराव, हे प्रज्वल कंपनी कोनती? आपल्या देशातली का चायनाची?" मोठ्या बाबांनी समोरची चांदणी दाखवली. ते म्हणाले, "चांदनी तं आमच्या पोरानं मोटरसायकललेबी लावली हाय." त्यानंतर राखण करणाऱ्याने गाडी मांडवापासून लांब, मळणीयंत्र आणि बिछायतीचा टेम्पो यांच्या मध्ये उभी करवली, कारण मांडवासमोरची जागा मोठ्या गाड्यांसाठी होती. मोठे बाबा जिलेबीला हात न लावता परत आले. आणि यात दोष कोणाचा? अक्षरे सोलणाऱ्याचा नव्हे. वाचणारीचा.

म्हणून माफी. आत्याबाई, मी नम्रपणे कळवते की मी ती मागणार नाही. मला बोलता येत नाही, चारचौघांत माझे हात गार पडतात, परंतु खरे असलेले वाक्य मागे घेण्याची पद्धत मला कोणत्याही गुरुजींनी शिकवलेली नाही. ट्रॉलीच्या मागची जागाही नको. हॉर्न वाजवा असे सांगणाऱ्या अक्षरांखाली उभे राहून जन्मभर लोकांचे हॉर्न ऐकण्यापेक्षा अनाम राहणे बरे. बाबांना मी दोष देत नाही. ते मोठ्या भावापुढे बसतानासुद्धा खाट सोडून खाली बसतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. परवा जेवताना ते म्हणाले, "दादा म्हनते तं असू दे प्रज्वल. नावात काय हाय." त्यावर अंजूने भाकरी मोडता मोडता विचारले, "मंग आमाले नावं काऊन ठेवले?" बाबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांनी नुकतेच पाणी प्यायलेले होते.

आतोबांना नमस्कार. चूकभूल असल्यास ती अक्षरांची समजावी, आशयाची नव्हे.

आपली आज्ञाधारक (यापुरते वगळता),
वैभवी जगदेव

ता. क. मुख्य विनंती लिहायची राहिली. मूल कोणाचेही असो, त्याच्या कानात 'कुर्र' करून नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आजोबा असोत की मोठे बाबा, तिथे कोणाचे चालत नाही. प्रज्वलदादाचे नावही आपणच ठेवलेले आहे आणि मोठ्या बाबांना तेव्हा दुसरे हवे होते, असे आई सांगते. ट्रॅक्टरलाही हा नियम का लागू नसावा, याचे कारण मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. तरी दसऱ्याला माहेरी यावे.

ता. क. दुसरा. आपण येण्यापूर्वी एक कळवणे भाग आहे. ट्रॅक्टर मालेगावला उभा आहे आणि नाव काल संध्याकाळीच घालून झाले. खेमा आढेवेढे घेऊ लागला तेव्हा मी म्हणाले, "पुसदच्या आत्याबाईंचा हुकूम आहे." (मी हे मोठ्याने म्हणाले. हात गार पडले, पण म्हणाले.) मोठे बाबा आज सकाळी ट्रॅक्टर पाहायला जात आहेत, आणि पाहताच आपल्याला फोन करतील. तेव्हा 'बोल रे दादा' म्हणून नंतर कृपया 'हो, मीच ठेवलं' असे म्हणावे. जोडलेले हात पाठवू नयेत.

ता. क. तिसरा. बॉनेटवर 'वैभवी – अंजू' असे आहे. मडगार्डवर थोडी जागा मोकळी होती, तिथे 'तुळसा' लिहून घेतले. आजोबांनी लेकीचे नाव कशावर घातल्याचे कोणाला आठवत नाही, म्हणून. बाबा तिथेच होते. त्यांनी तिन्ही नावे वाचली. निघताना खेमाच्या डब्यात उरलेला रंग मागून घेतला, झाकण ठोकून घट्ट बसवले आणि म्हणाले, "घरी राहू दे. कोनी खरवडलं तं पुन्हा लावता येईन."

पानांची छायाचित्रे काढून पाठवली: मंगळवार, दि. ३० सप्टेंबर २०२५, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे.