जड पाण्याचे घर मोठ्या सुनेच्या नावे

परमेश्वराला स्मरून, कोणाच्याही दडपणाखाली न येता मी हे लिहिते. वय एकोणऐंशी, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम. डोळ्यांना चष्मा लागतो, डोक्याला अजून काही लागत नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

बारा वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात राहते घर दोन्ही मुलांना, आणि एक आधी गेल्यास दुसऱ्याला, असे लिहिले होते. थोरला नऊ वर्षांपूर्वी गेला. आता धाकटा म्हणतो, "आई, तुझ्यानंतर घर विकून टाकू. वहिनीचं काय, तिच्या भावाकडे राहील ती." जुना कागद तसाच राहिला तर तसेच होईल. म्हणून हे नव्याने लिहिणे आले.

कलम १. बँकेतली मुदत ठेव धाकट्याला. माझा त्याच्यावर राग नाही. तो दर आठवड्याला फोन करतो आणि माझे ऐकूनही घेतो, फक्त त्याप्रमाणे वागत नाही.

कलम २. चार बांगड्या लेकीला. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती कोणाला भीत नाही, मलासुद्धा.

कलम ३. "गिझरची कॉइल जळण्याचा पाण्याशी काही संबंध नाही, घरातल्या बायकांना वापरता येत नाही," असे सांगून मला तीन कॉइल विकणाऱ्या दुकानदाराला मी क्षमा केली आहे. तरी त्या तिन्ही जळक्या कॉइल माळ्यावर पिशवीत आहेत. त्या त्याला पोचत्या कराव्यात.

कलम ४. राहते घर. हे यजमानांनी माझ्या नावे घेतले, त्यावर कोणाचा बोजा नाही. याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आमच्या नळाला पूर्वी नदीचे पाणी होते. ते बंद होऊन खोल विहिरीचे सुरू झाले, त्याच महिन्यात मोठी सून लग्न होऊन आली. त्या वर्षी गिझर दोनदा बिघडला, इस्त्री पांढरी भुकटी ओकू लागली, टॉवेल पुठ्ठ्यासारखे कडक होऊ लागले. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. घरात नवीन दिसत होती ती एक मोठीच. मी सगळे तिच्यावर ढकलले. साबणाच्या पावडरीचा डबा कुलपात ठेवून रोज एक चमचा मोजून दिला. विहिरीच्या जड, क्षारांच्या पाण्यात साबण जास्त लागतो, हे मला ठाऊक नव्हते. नणंदेसमोर मी म्हणाले, "हिच्या हाताला बरकत नाही." मोठी म्हणाली, "आई, आणखी अर्धा चमचा देऊन बघा ना." मी दिला नाही.

गेल्या महिन्यात कपडे धुण्याच्या मशीनचा पट्टा तुटला. दुरुस्त करणाऱ्याने मागचे झाकण उघडले आणि बघतच राहिला.

"आजी, या गल्लीत पाच-सहा वर्षांवर मशीन टिकत नाही. हे एकोणीस वर्षांचं! कोणाचा हात फिरतो यावर?"

"माझा नाही," मी म्हणाले.

"ते कळतंय," तो म्हणाला.

मग मी मोठीला समोर बसवून विचारले. महिन्यातून एकदा, मी देवळात गेले की ती मशीनमध्ये व्हिनेगर घालून ते रिकामेच फिरवी. नळाच्या जाळ्या व्हिनेगरमध्येच भिजत घाली. वर्षातून एकदा वीज बंद करून गिझरची कॉइल काढी आणि लाकडी पट्टीने क्षाराची खपली खरवडी. मी गिझरचे बटण पुढे सरकवी, ती मागे आणी, कारण पाणी फार तापले की क्षार लवकर बसतो. हे सगळे ती दुरुस्तीवाल्यांच्या मागे उभी राहून शिकली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर व्हिनेगरही कुलपात गेलं असतं."

थोरला गेल्यावर या घरात तिच्या नावावर एक खुर्चीही नव्हती, तरी तिने एकही महिना चुकवला नाही. मी रोज तासभर पूजा करते, पण इतकी निष्ठा मला जमलेली नाही.

सबब राहते घर, आतील सर्व उपकरणे व यजमानांची पाने-पकडींची पेटी यांसह, मोठ्या सुनेस एकटीला पूर्ण मालकीने द्यावे. धाकट्याने हक्क सांगू नये. घर राखलेच पाहिजे अशी अट नाही. विकून हलक्या पाण्याच्या गावी जावेसे वाटले तर तिने खुशाल जावे, "आईंची आठवण" म्हणून कोणी तिला अडवू नये.

चूक कबूल करायला मरणाची वाट पाहणे देवाला आवडणार नाही, म्हणून सही करण्याआधी हे कलम मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. तिने ओट्यावरचा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "आई, ते 'एकटीला' तेवढं खोडा. तुम्ही आहात तोवर दोघींचं आहे."

खाडाखोड केली तर पुढे कोणी शंका काढेल, म्हणून खोडलेले नाही. पण तिचे म्हणणे मला मान्य आहे, ते येथे नोंदवते.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: सतरा फेब्रुवारी, सकाळी अकरा

सही (लिहून देणारी, स्वहस्ते)

माझी सही होताना पाहून, माझ्यादेखत सह्या करणारे साक्षीदार:
१. मशीन दुरुस्त करणारा (सही)
२. समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका (सही)